राखणीची मजुरी कोण देणार?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर उसाचा दर आहे, वीजबिल आहे, आणि तिसरा विषय 'सह्याद्री व्याघ्र प्रकल्प' असा छापला आहे. तो वाचून शिरोळ-हातकणंगल्याकडच्या दोघातिघांनी मंडपाच्या दारातच विचारले, वाघाचा आणि आपला काय संबंध? शाहूवाडी, राधानगरी, शिराळा, पाटण इकडून आलेल्या एकानेही तसे विचारले नाही. त्यांच्या रानात रात्री कोण येऊन जाते ते त्यांना ठाऊक आहे. तेव्हा हे बोलणे मुख्यतः शिरोळ-हातकणंगल्यासाठी आहे असे समजा. ज्यांच्या उसाला वारणा-कृष्णेचे पाणी मिळते आणि ज्यांनी गवा फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिला, त्यांच्यासाठी.

हा प्रकल्प म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. कोयना आणि चांदोली ही दोन अभयारण्ये १९८५ साली जाहीर झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान केले. जानेवारी २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. त्यातला ६०० चौरस किलोमीटरच्या आसपासचा गाभा, आणि त्याच्या भोवतीचे ते 'बफर'. हा शब्द आता गावागावांत शाळकरी पोरांच्या तोंडी आहे. रेल्वेच्या डब्यांना टोकाला धक्का सोसायला जे लोखंडी तुंबे असतात त्यांना बफर म्हणतात. धक्का कोणी सोसायचा हे नाव ठेवणाऱ्यानेच सांगून टाकले आहे.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटले. त्यातली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. राधानगरी तर १९५८ सालचे, राज्यातले पहिले अभयारण्य, खास गव्यांसाठी राखलेले. म्हणजे जगाचा वारसा आपल्या उशाशी आहे. वारसा म्हटला की वारस आले, आणि वारस म्हटले की वाटणीचा प्रश्न आला. या वाटणीत बांधावरच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, तेवढेच आज तपासायचे आहे.

जंगलाची जमीन

आमचे शिक्षण शेतकीचे, म्हणून जंगलाकडेही आम्ही आधी माती म्हणून बघतो. घाटमाथ्याच्या सदाहरित रानात पाय टाकला की कोणालाही वाटते, काय कसदार जमीन असेल ही! एवढी झाडी, एवढा ओलावा. प्रत्यक्षात खाली जांभा आहे. पाच-पाच हजार मिलिमीटर पावसाने हजारो वर्षे धुतलेली, आंबट माती. चुना गेला, पालाश गेले, आणि स्फुरद आहे ते लोह-ॲल्युमिनियमने असे धरून ठेवले आहे की मुळाला सुटत नाही. मग ही झाडी उभी कशावर? तर स्वतःच्याच पाचोळ्यावर. जंगलाचे भांडवल मातीत नाही, झाडांत आहे. पान गळते, बुरशी-वाळवी-गांडूळ ते कुजवतात, आणि वरच्या वितभर थरात पसरलेली मुळे ते अन्न वाहून जायच्या आत उचलून घेतात. चक्र फिरते आहे तोवर सगळे हिरवे. चक्र तोडले की उघडा जांभा.

आपल्या आजे-पणज्यांना हे कोणत्याही कॉलेजात न जाता कळत होते. कुमरी करणारा माणूस रान जाळून पहिल्या वर्षी नाचणी घ्यायचा, दुसऱ्या वर्षी वरी, आणि तिसऱ्या वर्षी जमीन दम सोडते म्हणून तुकडा सोडून पुढे जायचा. तो आळशी नव्हता, हिशेबी होता. म्हणून जे आज म्हणतात की हे जंगल तोडून शेतकऱ्यांना वाटा, त्यांना आम्ही कृषी पदवीधर म्हणून सांगतो: तीन वर्षे नाचणी खाल आणि चौथ्या वर्षी कातळ चाटाल.

दुसरी गोष्ट पावसाची. जंगल पाऊस पाडते असे भाषणांतून नेहमी सांगतात. आम्ही तसे सांगणार नाही. सह्याद्रीचा पाऊस अरबी समुद्रावरून येणारे वारे डोंगराला आदळून वर चढतात म्हणून पडतो. डोंगर बोडका केला म्हणून उद्या पाऊस थांबणार नाही. पण तो कसा उतरेल ते बदलेल. जंगलावर पडलेला थेंब आधी पानावर फुटतो, मग पाचोळ्यात मुरतो, आणि दिवाळीनंतरही झऱ्यातून येत राहतो. बोडक्या उतारावर तोच थेंब माती घेऊन दोन तासांत नदीत. ती माती जाते कुठे? शिवसागरात आणि वसंतसागरात, म्हणजे तुमच्या धरणात. शिरोळवाल्यांनी हे नीट ऐकावे. तुमच्या पाटाच्या पाण्याचे आयुष्य वरच्या पाचोळ्यावर अवलंबून आहे.

आणि या जंगलाची लावणी कोण करते? वनखाते नव्हे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, उंबर यांचे बी वाहून नेणारे पक्षी-प्राणी आहेत. धनेश पक्षी घ्या. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते आणि अंडी उबवत बसते. फक्त चोच जाईल एवढी फट. तेवढे दिवस नर उंबराची आणि रानफळांची फेरी करून त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. जाता-येता तो जे बी टाकतो त्यातून पुढचे जंगल उगवते. आता ही ढोली पंचवीस वर्षांच्या झाडाला पडत नाही. त्याला म्हातारे झाड लागते. जुने झाड तोडून बदल्यात दहा रोपे लावली असा हिशेब सरकारी कागदावर जमतो, धनेशाच्या संसारात जमत नाही. शेकरूचे तेच. फांदीवरून फांदीवर जाणारा तो प्राणी, मधली चार झाडे गेली की त्याचा रस्ता तुटला.

हे सगळे आम्ही कौतुकाने सांगतो. शेतकऱ्याला जनावराचे कौतुक नसते असा शहरात एक समज आहे. बैलाच्या डोळ्यात पाणी आले तर ज्याला झोप येत नाही, त्याला भूतदया शिकवायला पुण्या-मुंबईहून कोणी यायची गरज नाही.

गवा उसात का येतो

आता बांधावर येऊ.

गवा हा गवत खाणारा प्राणी. आठशे, हजार किलोपर्यंत भरणारा नर. गर्द सदाहरित झाडीत खाली ऊन पोचत नाही, म्हणून गवत फार उगवत नाही. गव्याला लागतात मोकळ्या जागा: सडे, कुरणे, जुनी शेते. चांदोलीच्या गाभ्यातली गावे उठवली तेव्हा त्यांची भातखाचरे आणि गायराने मोकळी पडली आणि त्यावर उत्तम गवत आले. काही वर्षे गवा तिथे सुखाने चरला. पण गवताचे रान आपोआप गवताचे राहत नाही. गावाची गुरे चरत होती, लोक गवत कापत होते, म्हणून ते मोकळे होते. माणूस गेला, की रानमोडी, घाणेरी आणि कारवी शिरते. वनखात्याने कुरणे राखायचे काम हाती घेतले आहे, ते आम्हाला मान्य आहे, पण जंगलाच्या मानाने ते थोडे आहे. इकडे गाभ्यात कुरण आटत असताना बाहेर काय झाले? उपसा सिंचन योजना झाल्या, ऊस डोंगराच्या पायथ्याला भिडला. गव्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे काय? गवतच. बारमाही, गोड, पाणी पाजलेले गवत. आत रानमोडी आणि बाहेर ऊस असेल तर तो कुठे जाईल हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

रानडुकराची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे आम्ही जे बोलणार ते काहींना आवडणार नाही. डुकराला आपण 'वनखात्याचे डुक्कर' म्हणतो. बरीच डुकरे आता जंगलात राहतच नाहीत. ती आपल्या उसात जन्मतात, उसात वाढतात, भुईमूग आणि मका खातात आणि पुन्हा उसात झोपतात. दहा-बारा महिने उभे राहणारे पीक, वर पाण्याची सोय. यापेक्षा चांगले घर त्यांना कोणते? आता कोणी सांगेल की वाघ वाढले की डुकरे कमी होतील. जंगलाच्या आत ते खरे आहे. वाघ, बिबट्या, रानकुत्रे सगळेच डुक्कर मारतात. पण उसातल्या डुकराला मारायला वाघ हातकणंगल्याला येणार नाही, आणि आला तर तुम्हालाच चालणार नाही. म्हणून गव्याचा इलाज जंगलात आहे आणि डुकराचा इलाज गावात आहे. दोघांना एकाच अर्जात घालू नका.

कायदाही दोघांना वेगळे मोजतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. त्याला हात लावायचा नाही. पीक नासणाऱ्या डुकरासाठी राज्याने परवान्याची वाट ठेवली आहे. ती वाट किती अरुंद आहे ते ज्यांनी परवाना मागून पाहिला त्यांना विचारा. अर्ज, पाहणी, शिफारस, आणि परवाना हातात येईपर्यंत भुईमूग काढून झालेला असतो.

कुंपणाबद्दलही एक सांगून ठेवतो. सौर झटका कुंपण चांगले आहे, जनावर मरत नाही, फक्त लांब राहते. पण आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तारेखालचे गवत वाढून तारेला टेकते आणि सगळा झटका जमिनीत जातो. दर आठवड्याला खालचे गवत कापणारा माणूस असेल तरच कुंपण चालते. अनुदानाच्या फॉर्मवर मशीन आहे, बॅटरी आहे, तार आहे. तो माणूस नाही. आणि जे कोणी चोरून थेट लाईटच्या तारा बांधावर सोडतात, त्यांना या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो: संघटना तुमच्या बाजूने कोर्टात उभी राहणार नाही. त्या तारेला गवा लागायच्या आधी शेजाऱ्याचा पोरगा लागतो.

चोवीस हजाराची राखण

आता हिशेब करू. हिशेबाशिवाय बोलणे आपल्या संघटनेत चालत नाही.

समजा शाहूवाडीच्या डोंगरकडेला एका घराचे वीस गुंठे भात आहे. दाणा भरायला लागला की कापणीपर्यंत धरा चाळीस रात्री. माळ्यावर दोन माणसे, कारण एकट्याने गव्याला हाकलायला कोणी जात नाही. डबे, बॅटरी, शेकोटी. रात्रीची मजुरी अगदी पडेल म्हणजे ३०० रुपये धरली तरी दोघांची चाळीस रात्रींची २४,००० रुपये होते. आता पीक बघा. वीस गुंठ्यांत दहा क्विंटल भात आला, चांगलाच आला म्हणायचे. २०२५-२६ च्या हंगामाचा साध्या भाताचा आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे २३,६९० रुपये. भातापेक्षा भाताची राखण महाग! नांगरट, रोपे, लावणी, खत, कापणी अजून धरलेलीच नाही.

तरीही तो शेतकरी राखण करतो, कारण स्वतःच्या झोपेची मजुरी आपल्याकडे कोणी लावत नाही. आणि चाळिसातल्या एका रात्री डोळा लागला आणि गव्यांनी पाच गुंठे तुडवले, तर पंचनामा होतो पाच गुंठ्यांचा. उरलेल्या एकोणचाळीस रात्रींचा पंचनामा कोण करणार? शेवटी तो शेतकरी भात सोडतो, नाचणी सोडतो, तुकडा पडीक टाकतो आणि पोराला मुंबईला पाठवतो. त्या पडीक जमिनीवर नुकसान शून्य. कागदोपत्री ते गाव सुखी, कारण तिथून भरपाईचा अर्जच येत नाही!

राज्याने २०२३ मध्ये वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईचा कायदा केला. आम्ही त्याचे स्वागत करतो. मेहेरबानीची भरपाई हक्काची झाली, हे थोडे नाही. पण त्या हक्कात खाल्लेले पीक मोजतात. न झोपलेली रात्र आणि न पेरलेले शेत त्यात कुठे बसते?

पाणी वाहते खाली, बिल जाते वर

आता जमेची बाजू बघा. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी साठते. त्यातले ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे वळवून वीज करायला कृष्णा पाणी तंटा लवादाने परवानगी दिली. ते पाणी बोगद्यांतून कोकणात उतरते आणि कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून १,९०० मेगावॉटहून जास्त क्षमता उभी आहे. उरलेले पाणी कराडला कृष्णेला मिळते. चांदोलीच्या धरणात ३४ टीएमसी, ते वारणेतून खाली येते. कारखाने, उपसा योजना, सांगली-कोल्हापूरच्या नळाचे पाणी, महाराष्ट्राच्या वीजजाळ्याचा संध्याकाळचा भार, हे सगळे या दोन जंगलांच्या ओंजळीतून चालते.

या सगळ्या पैशांतला एक रुपया तरी 'जंगल राखले' म्हणून माळ्यावर बसलेल्या माणसाकडे जातो का? वर्षाला तीनशे कोटी युनिट वीज धरा. युनिटमागे एक पैसा बाजूला काढला तर तीन कोटी रुपये होतात. दहा पैसे काढले तर तीस कोटी. मुंबईच्या ग्राहकाला युनिटमागे दहा पैसे कळणारसुद्धा नाहीत. बफरच्या गावांना ते एका पिढीला पुरतील.

हे स्वप्नरंजन नाही, एका देशाने करून दाखवले आहे. मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा देश आहे, महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा. तिथेही असेच पावसाचे जंगल. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या सरकारने गोमांसाच्या निर्यातीसाठी स्वस्त कर्जे वाटली. कर्ज मिळायचे कुरणावर, जंगलावर नाही. मग शेतकऱ्याने काय केले? जे सरकारने पैसे देऊन करायला सांगितले तेच. जंगल तोडून कुरण केले, इतके की १९८० च्या दशकात देशाचा जेमतेम पाव हिस्सा जंगल उरले. लोकांनी शेतकऱ्याला शिव्या घातल्या, कर्जाच्या धोरणाला कोणी घातल्या नाहीत. हे ओळखीचे वाटते की नाही?

१९९६ साली त्यांनी नवा वनकायदा केला. जंगल तोडून दुसऱ्या कामाला जमीन लावायला बंदी. पण नुसती बंदी नाही. त्याच कायद्यात लिहिले की उभे जंगल समाजाला चार सेवा देते: हवेतला कार्बन धरते, पाणी राखते, जीवजंतू सांभाळते आणि देखणेपण देते. या सेवेचे पैसे जमिनीच्या मालकाला द्यायचे. १९९७ पासून करार करून हेक्टरी रक्कम देऊ लागले. पैसा आणला कुठून? मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. ज्याची गाडी धूर सोडते त्याच्याकडून घेऊन, ज्याचे झाड धूर गिळते त्याला दिले. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा झाडीखाली आहे. त्यात गोमांसाचे भाव पडले हेही एक कारण आहे, सगळे श्रेय या योजनेला देणे बरोबर नाही. आणि योजनेत खोटही होती. ज्यांच्याकडे जमिनीचे पक्के कागद नव्हते ते छोटे लोक सुरुवातीला बाहेर राहिले आणि मोठ्या जमीनवाल्यांनी हात धुऊन घेतले. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव असलेली निम्मी घरे बघता, ही खोट आधीच ध्यानात ठेवावी लागेल.

कोकणातल्या भावांना तर हे जास्तच लागू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक सगळे जंगल खाजगी मालकीचे आहे. मालक काही वर्षांनी पूर्ण उतार तोडणाऱ्याला देतो आणि जळाऊ लाकडाच्या भावात जे हातात पडेल ते घेतो. त्याला जंगल आवडत नाही म्हणून नव्हे. उभ्या जंगलाला भाव शून्य आहे, आडव्या जंगलाला थोडा का होईना भाव आहे म्हणून. भाव उलटा करा, कुऱ्हाड आपोआप खाली बसेल.

उठवलेली माणसे

या जंगलाच्या आत जी माणसे होती त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोयना धरणाने गावे बुडाली, १९६० च्या दशकातली गोष्ट. साठ वर्षांनंतर त्यांच्या नातवंडांना पुनर्वसनाच्या जमिनीसाठी कलेक्टर कचेरीसमोर बसावे लागते. पाण्याच्या वर जी गावे उरली त्यांच्यावर १९८५ मध्ये अभयारण्य आले. वारणेच्या खोऱ्यात तेच झाले. आधी धरणग्रस्त, मग अभयारण्यग्रस्त. एकाच माणसाच्या कपाळी दोन शिक्के. कागदावर व्याघ्र प्रकल्पातले स्थलांतर ऐच्छिक असते. केंद्राच्या योजनेत कुटुंबाला १० लाख होते, २०२१ पासून ते १५ लाख झाले. रस्ता नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, गवे दारात, अशा स्थितीत वीस वर्षे ठेवून मग विचारायचे, तुमची इच्छा काय? याला इच्छा म्हणत नाहीत. जंगल राखायचा खर्च आजवर याच लोकांनी सगळ्यांत जास्त भरला आहे, आणि त्यांची बाकी चुकती झाल्याशिवाय या प्रकल्पाच्या नावाने कोणी सत्कार घेऊ नयेत.

आता वाघाचे. प्रकल्प वाघाच्या नावाचा, पण कित्येक वर्षे वाघ जवळपास नव्हताच. अधूनमधून दक्षिणेकडून, कर्नाटक-गोव्याच्या जंगलातून तिलारी, आंबोली, राधानगरी असा डोंगराडोंगराने एखादा नर यायचा. २०१८ मध्ये चांदोलीत एक कॅमेऱ्यात सापडला, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक. नर येतात पण मादी एवढ्या लांब येत नाही. म्हणून ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला केंद्राने परवानगी दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची पहिली वाघीण गळ्यात पट्टा घालून चांदोलीत आणली.

आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, आपण याला विरोध करू. आम्ही म्हणतो, करू नये. वाघ जंगलाच्या आत राहिला तर गव्याचा कळप एका जागी बसत नाही, सांबर-भेकर विखुरते, गवताला उसंत मिळते. पण त्यासाठी आत त्याला पोटभर शिकार हवी आणि राधानगरीपर्यंतचा डोंगर सलग हवा. २०२० नंतर सरकारने तिलारी, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, विशाळगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर केली ती याच वाटेवर. ही वाट तुमच्या गावांच्या मधून जाते. तिथल्या शेतकऱ्याला शत्रू करून ती वाट उघडी राहणार नाही, हे वनखात्यातल्या शहाण्या अधिकाऱ्यांना चांगले कळते.

उलट बाजूची भीतीही तपासून घ्या. पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र आले की घराला कौल घालता येणार नाही, विहीर काढता येणार नाही, असे गावोगाव सांगितले गेले. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि केंद्राने अधिसूचनेचा सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये काढला. तो मसुदा वाचा. बंदी आहे ती खाणींवर, दगड-वाळू उपशावर, औष्णिक वीज केंद्रांवर, घातक प्रदूषणाच्या कारखान्यांवर आणि मोठ्या बांधकामांवर. नांगरावर नाही. मग कौलाची भीती कोणी पसरवली? शाहूवाडी-राधानगरीच्या सड्यांवर बॉक्साइट कोण काढत होते, डोंगरकडेच्या जमिनी रिसॉर्टसाठी कोण विकत घेते, ते बघा म्हणजे समजेल. सरकारचा दोष एवढाच नाही पण मोठा आहे, की ग्रामसभेत बसून मराठीत हे कोणी समजावले नाही. गाडगीळ समितीने तर ग्रामसभेलाच विचारा म्हटले होते.

तर संघटनेपुढे आम्ही मागण्या ठेवतो त्या अशा. भरपाईच्या हिशेबात राखणीची मजुरी आणि सोडून दिलेले पीक धरावे. कोयना-वारणेच्या विजेवर आणि कारखाने-शहरांच्या पाण्यावर जंगलराखणीचा आकार लावावा आणि तो ग्रामसभेच्या खात्यावर जमा व्हावा. गाभ्यातली जुनी खाचरे कुरण म्हणून राखण्याचे काम तिथून उठवलेल्या आणि भोवतालच्या गावांतल्या लोकांना मजुरीवर द्यावे, त्यांना त्या जमिनीचा वाफा न वाफा माहीत आहे. डुकराचा परवाना पीक उभे असताना, आठ दिवसांत मिळावा. आणि नवा माणूस उठवण्याआधी जुन्याची जमीन द्यावी.

या मागण्या घेऊन मंत्रालयात गेलो तर पहिला प्रश्न येईल, आकडे कुठे आहेत? तो बरोबर आहे. म्हणून एक नोंदवही छापून घेतली आहे. रोज रात्री कोण राखणीला होते, किती तास, कोणते जनावर आले, किती पीक गेले, आणि यंदा कोणता तुकडा गव्याच्या भीतीने पेरलाच नाही, एवढे पाच रकाने. बाईमाणसाने राखण केली असेल तर तिचे नाव वेगळे लिहायचे, घरधन्याच्या नावात घालायचे नाही. रोहिणीच्या पेरणीपासून सुगी संपेपर्यंत एक हंगाम भरायची आहे. जंगलकडेच्या प्रत्येक गावाने निदान दहा घरे घ्यावीत. शिरोळ-हातकणंगल्याच्या शाखांनी छपाईचा आणि एस.टी.च्या भाड्याचा खर्च उचलावा, आणि प्रत्येक शाखेने दोन कार्यकर्ते सुगीत एक आठवडा वर पाठवावेत, माळ्यावर बसायला. वह्या मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर आहेत. जेवणाच्या सुट्टीत आपापल्या तालुक्याच्या गठ्ठ्यापुढे सही करून घेऊन जा. पाटणच्या वह्या कमी पडतील असे दिसते, त्यांनी तूर्त शिराळ्याच्या गठ्ठ्यातून घ्याव्यात.